चेस्टर नसलेलं लिंकिन पार्क : तिकीट काढलंय पण पाय निघत नाहीये

तलावपाळी (धागाकर्ता) :

मंडळी, २५ जानेवारी २०२६ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर अमेरिकन रॉक बँड लिंकिन पार्क येतंय, लोलापालूझा या संगीत महोत्सवाचा दुसरा दिवस. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. एक माझं आणि एक कॉलेजच्या मित्राचं. बँडचं नाव जाहीर झालं तेव्हा ऑफिसात बसल्या बसल्या त्याला न विचारताच बुक करून टाकली, म्हटलं हा उड्या मारेल. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर आलं, चेस्टर येणारे का? नाही ना? मग तू जा. (चेस्टर म्हणजे त्यांचा जुना गायक.)

आता हा माणूस कोण ते सांगतो. २००३ मध्ये ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर घेतलेल्या एमपीथ्री सीडीवरून यानेच मला लिंकिन पार्क ऐकवलं. (त्या सीडीवरची निम्मी गाणी लिंकिन पार्कची नव्हतीच हे पुढे चार-पाच वर्षांनी कळलं, पण तो वेगळा धागा होईल.) आमचं कॉलेज कर्जतच्या बाजूला. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की सगळा डबा उगाच हुर्र्र करून ओरडायचाच, हा त्या अंधारात चेस्टरचं किंचाळणं किंचाळायचा, अगदी घसा फाटेपर्यंत, आणि बोगदा संपून उजेड आला की काहीच झालं नाही असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत बसायचा. एका काकांनी एकदा विचारलं होतं बाळ तुला फिट येते का.

तर मुद्दा. चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला, स्वतःच जीव संपवला त्याने, ४१ वर्षांचा होता. २७ ऑक्टोबर २०१७ ला हॉलीवूड बोलवर बँडने त्याच्यासाठी कार्यक्रम केला, त्यात एका गाण्याला स्टेजवर नुसता माइकचा स्टँड ठेवला होता, फुलं बांधलेला, त्याच्यावर लाइट, आणि गाणं पब्लिकने म्हटलं. मला आजही तो व्हिडिओ सलग बघवत नाही. माझं म्हणणं असं की तिथे थांबायला हवं होतं. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन परत आले, नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झीरो' काढला. बाई चांगली गाते, त्यात वाद नाही. अल्बममधली दोन-तीन गाणी गाडीत लावतो मी. पण नाव बदला ना राव. नवीन नाव घ्या आणि मग काय हवं ते गा, पहिल्या रांगेत मी उभा राहीन. जुन्याच नावाखाली जुनीच गाणी दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायची आणि त्याला रीयुनियन म्हणायचं हे पचत नाही.

तर जाऊ की नको? आणि दुसऱ्या तिकिटाचं काय करू?

ऐरोलीकर :

असहमत. पूर्ण असहमत.

तलावपाळी, तुम्ही एवढे जुने फॅन मग हे माहीत असेलच की बँड सुरू झाला तेव्हा चेस्टर त्यात नव्हता. नाव होतं झीरो, एक्सने सुरू होणारं, आणि गायक होता मार्क वेकफिल्ड. तो बाहेर पडला, मग १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनाहून चेस्टर आला. त्याला डेमोची टेप पाठवली होती, त्याने स्वतःच्या वाढदिवसाच्या दिवशी त्यावर आवाज भरून परत पाठवली. मग नाव झालं हायब्रिड थिअरी, मग लिंकिन पार्क. म्हणजे ज्याच्या जागी कोणी नको म्हणताय तो स्वतःच दुसऱ्याच्या जागी आलेला. नवीन अल्बमचं नाव फ्रॉम झीरो का आहे वाटतं तुम्हाला? उगाच नाही ठेवलंय.

आणि बँड माइक शिनोडाचा आहे हो. त्याने शाळेपासूनच्या मित्रांबरोबर उभा केलेला. मित्र गेला म्हणून त्याने आयुष्यभर दुकान बंद ठेवायचं का?

तलावपाळी :

माहीत आहे सगळं. पण वेकफिल्डचा आवाज ऐकलाय कोणी? त्याचा एकही अल्बम दुकानात आला नव्हता. लोकांनी जे विकत घेतलं (बरं, फुटपाथवरून घेतलं) ते चेस्टरचं गाणं होतं. साखरपुडा मोडणं आणि वीस वर्षांचा संसार संपणं या दोन गोष्टी एका मापात कशा घालताय?

घणसोली_लोकल :

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जाता जाता, मूळ नाव आणि चिन्ह कोणाकडे राहणार हा प्रश्न ठाण्यातल्या माणसाने विचारावा याची मज्जा वाटली.

संपादक :

राजकारण नको. धागा उडवायला लावू नका.

घणसोली_लोकल :

अहो मी बँडबद्दलच बोलत होतो, शप्पथ.

गडकरीचा_पास :

मला रॉकमधलं ओ का ठो कळत नाही, मुलीच्या खोलीतून जेवढं ऐकू येतं तेवढंच. पण या विषयावर नाटकवाल्यांनी कधीच निकाल लावून ठेवलाय म्हणून लिहितो. आमच्यात याला रिप्लेसमेंट म्हणतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. नटसम्राट डॉ. लागूंनी १९७० मध्ये उभा केला, पुढे दत्ता भटांनी केला, आणि दत्ता भटांचाच बरा होता म्हणून भांडणारी माणसं मी गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर मध्यंतरात बटाटेवडा खाताना ऐकलेली आहेत. ते सोडा, वऱ्हाड निघालंय लंडनला घ्या. एकपात्री. ५२ पात्रं आणि माणूस एक, लक्ष्मणराव देशपांडे, दुसरं कोणी ते करू शकेल अशी कल्पनाच नव्हती कारण नाटक म्हणजेच तो माणूस होता, लिहिलंही त्यांनीच. २००९ मध्ये ते गेले. आता संदीप पाठक करतो. लोक येतात, हसतात, आणि ज्यांनी मूळ पाहिलंय तेही येतात आणि घरी जाताना लक्ष्मणरावांच्या आठवणी काढतात. नसता केला प्रयोग तर त्या आठवणी निघाल्या असत्या का?

ऐरोलीकर :

काका, कडक. +१०००

तलावपाळी :

गडकरीचा_पास, तुमचा मुद्दा भारी आहे, दोन दिवस त्यावर विचार करत होतो म्हणून उशीर झाला. पण नाटकात संहिता असते. नट बदलला तरी शब्द कागदावर आहेत, नवीन नट त्या कागदाशी बांधलेला. इथे गाण्याचे शब्द कागदावर वाचलेत तर खरं सांगतो, सातवीतल्या मुलाची वही वाटेल. मी थकलो, मी असा का आहे, मला कोणी समजून घेत नाही. त्यात जीव होता तो त्या माणसाच्या गळ्यातला, आणि लहानपणी त्याच्यावर जे अत्याचार झाले त्याबद्दल तो स्वतः उघडपणे बोललेला होता. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, तरी आवाजातून कळायचं की हा खोटं बोलत नाहीये. ते रिप्लेस होत नाही हो. ती संहिता त्याच्याबरोबर गेली.

रंगभवन_१९८८ :

मुलांनो, तुमच्या या भांडणात एका म्हाताऱ्याला तोंड घालू द्या. लिंकिन पार्कला आम्ही कधी रॉक मानलंच नाही, त्यामुळे मला दुःख नाही आणि आनंदही नाही (हलके घ्या). पण आब राखणं म्हणजे काय ते लेड झेपेलिन या बँडकडून शिका. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला, डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी पत्रक काढलं की आता पुढे नाही. ड्रमर हां, गायक नव्हे! पुढे १९९४ मध्ये गिटारवाला पेज आणि गायक प्लांट एकत्र आले, झेपेलिनचीच गाणी वाजवली, पण नाव लावलं पेज अँड प्लांट. १० डिसेंबर २००७ ला लंडनला एकच रात्र झेपेलिन म्हणून उभे राहिले, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. त्या एका शोच्या तिकिटांसाठी दोन कोटींच्या वर अर्ज आले म्हणतात. जगभर फिरले असते तर केवढा पैसा होता. नाही फिरले.

तलावपाळी, नाव बदलायचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. रांगेत मी तुमच्या मागे.

ऐरोलीकर :

रंगभवनकाका, सिलेक्टिव्ह मेमरी. एसी/डीसी विसरलात? त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनला घेऊन बॅक इन ब्लॅक हा अल्बम बाजारात. पाच महिने. इथे सात वर्षं थांबलेत बिचारे. आणि तो अल्बम जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एक आहे, तुमच्याकडे कॅसेट नक्की असणार.

रंगभवन_१९८८ :

कॅसेट होती. मुद्दा मान्य, अर्धा. मात्र त्यांनी नवीन गाणी एवढी मोठी करून दाखवली की जुन्याचं ओझं राहिलं नाही. फ्रॉम झीरोमधलं एखादं गाणं वीस वर्षांनी कोणी बोगद्यात ओरडणार आहे का ते सांगा.

पामबीच_रोड :

मी ओरडते. बोगदा नाही मिळत, नेरुळच्या घरी बाथरूममध्ये ओरडते.

पहिल्यांदा लिहितेय इथे. मी २३ वर्षांची आहे, त्यांचा पहिला अल्बम हायब्रिड थिअरी आला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मी या बँडपर्यंत एमिलीमुळे पोचले, मग मागे मागे जात चेस्टर ऐकला, आणि मग रडलेही. म्हणजे उलट्या क्रमाने. तुम्हा लोकांना वाटतं की आम्ही घरात घुसखोरी केलीय, पण तुम्ही दार लावून घेतलं असतंत तर चेस्टर माझ्यापर्यंत आलाच नसता ना.

बँड लाइव्ह बघायचा हक्क फक्त २०१७ च्या आधी कमावत्या असलेल्यांनाच आहे का?

डोंबिवली_फास्ट_पकडा :

सगळं ठीक आहे पण बाई?? एवढ्या जगात एक पुरुष गायक नाही मिळाला? ती किंचाळी बाईच्या आवाजात कशीतरीच वाटते, हार्ड रॉक हा बायकांचा प्रांतच नाही. स्पष्ट बोलतो, राग आला तर इनो घ्या.

पामबीच_रोड :

हो का. २ नोव्हेंबरला आमच्या इथे डी. वाय. पाटीलला यायचं होतंत, क्रिकेट कोणाचा प्रांत आहे ते तिथे पंचेचाळीस हजार माणसांच्या स्टेडियममध्ये हरमनच्या टीमने वर्ल्ड कप उचलून दाखवला.

रंगभवन_१९८८ :

डोंबिवलीकर, २०१४ मध्ये निर्वाणा बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्यांचा वारलेला गायक कर्ट कोबेनच्या जागी चार बायका गायल्या, जोन जेटपासून लॉर्डपर्यंत. उरलेल्या मेंबरांनी मुद्दाम तसं ठरवलं होतं, आणि मला विचाराल तर त्यात अक्कल होती. पुरुष घेतला की तो नक्कल करतोय असं वाटतं, त्याची तुलनाच होत राहते. बाई घेतली की तुलना निम्मी गळून पडते. लिंकिन पार्कच्या पोरांनीही तोच विचार केला असेल तर मी म्हणेन शहाणी आहेत. (बघा, मीच त्यांची बाजू घेतली. लिहून ठेवा तारीख.)

डोंबिवली_फास्ट_पकडा :

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कोपरी_पूल :

सगळे आवाजावर बोलताय, खरा वाद वेगळाच होता ना? एमिलीचं नाव जाहीर झालं त्याच आठवड्यात बाहेर आलं की एका नटावर खटला चालू असताना सुरुवातीला ती त्याच्या बाजूने कोर्टात जाऊन बसली होती. तो पुढे २०२३ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. चेस्टरसारख्या माणसाची गाणी, ज्याच्या स्वतःच्या बालपणात ते सगळं घडलं, ती हिने गायची? मला इथे खटकतं. नाव, बाई, नक्कल वगैरे माझ्यासाठी किरकोळ आहे.

पामबीच_रोड :

त्यावर तिने तेव्हाच जाहीर सांगितलंय की माणूस ओळखण्यात माझी चूक झाली आणि त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही. पुरेसं आहे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला स्वतःला अर्धवट पटलं. खोटं कशाला सांगू.

ठाणे_पूर्व_पश्चिम :

मला मुळात या प्रकाराला रीयुनियन म्हणण्यावर आक्षेप आहे. ओअ‍ॅसिस या बँडचं रीयुनियन होतं. गॅलाघर बंधूंची भाऊबंदकी, २००९ मध्ये पॅरिसला स्टेजमागे भांडले, वाटण्या केल्यासारखे वेगळे झाले, आणि ४ जुलै २०२५ ला कार्डिफला परत एका स्टेजवर आले. दोघं जिवंत, दोघांचा इगो जिवंत. गन्स अँड रोझेसचं पण रीयुनियन. २०१२ मध्ये बीकेसीला गेलो होतो तेव्हा गायक अ‍ॅक्सल होता पण गिटारवाला स्लॅश नव्हता, घरी येताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, जेवणात मीठ नसलं तर कसं. मग मे २०२५ मध्ये महालक्ष्मीला स्लॅश आणि बासवाला डफ दोघांसकट बघितले. अ‍ॅक्सलचा आवाज पार गेलाय, वरच्या पट्टीत कसाबसा चढतो, तरी मी रडलो, बायको शेजारी उभी राहून मला हसत होती. भांडून गेलेली माणसं परत आली की ते रीयुनियन. लिंकिन पार्कमध्ये मूळ सहापैकी एक वारला, ड्रमर रॉब परत आलाच नाही, गिटारवाला ब्रॅड स्टुडिओत असतो पण दौऱ्यावर येत नाही. स्टेजवर उरले तीन. याला पुनर्विवाह म्हणा. वाईट नाही त्यात काही, पण शब्द बरोबर वापरा.

गडकरीचा_पास :

पुनर्विवाह हा शब्द आवडला. मग तर विरोध करणाऱ्यांनी आपण कोणत्या शतकात आहोत ते बघावं :)

तलावपाळी :

हाहा. काका, तुम्ही फार वाईट आहात. दुष्ट दुष्ट.

वाचनमात्र :

सहा वर्षं इथे नुसता वाचतो, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. २०१७ मध्ये मी महाप्यात नाइट शिफ्टला होतो, अमेरिकेची प्रोसेस होती. २० जुलैची रात्र, मध्यरात्रीच्या आसपास फ्लोअरवर एकाने ओरडून सांगितलं. सुपरवायझर म्हणाला कोण चेस्टर, कॉल घ्या. घेतले. सकाळी कंपनीच्या बसमधून वाशीला उतरलो आणि स्टेशनवरच्या बाकावर दोन तास बसून राहिलो. आधीची काही वर्षं माझी स्वतःची फार वाईट गेली होती, घरात कोणाला सांगितलं नव्हतं, तेव्हा जी गाणी ऐकून रात्र काढायचो ती गाणारा माणूसच असा गेला म्हटल्यावर त्या गाण्यांवर विश्वास कसा ठेवायचा हे मला कळेना. सगळी डिलीट केली मोबाइलमधून. पुढे डॉक्टरकडे गेलो, औषधं झाली, आता बरा आहे. पण ती गाणी परत लावली नाहीत. दुकानात कुठे लागलं तर बाहेर येऊन उभा राहायचो.

२०२४ ला गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे, मखराचं काम संपत नव्हतं, भावाने मोबाइलवर त्यांचा लाइव्ह लावला. माझे दोन्ही हात फेव्हिकॉलने भरलेले, त्यामुळे बंद करता आला नाही, एवढंच कारण. ती बाई जुनं गाणं गायला लागली. आवाज त्याचा नव्हता. तेच बरं झालं. त्याचा असता तर मी उठून गेलो असतो. सात वर्षांनी पहिल्यांदा गाणं शेवटपर्यंत ऐकलं, सोबत म्हटलंसुद्धा हळू आवाजात, आई झोपली होती म्हणून. बाकी बरोबर चूक मला सांगता येणार नाही, तुम्ही लोक जाणकार आहात.

पामबीच_रोड :

🙏

रंगभवन_१९८८ :

वाचनमात्र, लिहीत जा. मी माझं 'रॉक मानलंच नाही' मागे घेतो.

तलावपाळी :

वाचनमात्र, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. नाव दिसत नाहीये त्यात, काळजी नको. ब्लू टिक आली, बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं, मग काहीच नाही. मग पाऊण तासाने त्याचा फोन आला. पंधरा मिनिटं बोललो त्यातली बारा मिनिटं घोडबंदरचं ट्रॅफिक आणि त्याच्या मुलाचे क्लास. शेवटी म्हणाला, तू जा, मला नको सांगूस कसं झालं ते. आणि जुनी गाणी चालू असताना व्हिडिओ कॉल करू नकोस. मी म्हटलं नाही करत. तो म्हणाला, नवीन असतील तेव्हा केलास तर बघीन.

माझं मत बदललेलं नाही, नाव बदलायलाच हवं होतं. पण जातोय.

दुसरं तिकीट वाचनमात्र यांना हवं असेल तर पहिला हक्क त्यांचा.

वाचनमात्र :

धन्यवाद सर, पण एवढ्या गर्दीत मला जमणार नाही. भावाबरोबर घरीच ऐकतो. पामबीच ताईंना द्या.

पामबीच_रोड :

चालेल काका!! पैसे मूळ किमतीचेच घ्या पण, कोल्डप्लेच्या वेळी लोकांनी जो काळाबाजार केला तसलं काही नको. आणि माझ्यासोबत मैत्रीण आहे, तिचं तिकीट आहे आधीच, म्हणजे आम्ही दोघी असू.

तलावपाळी :

मूळ किंमतच. आणि काका म्हणू नकोस, ४० चा आहे मी.

पामबीच_रोड :

बरं, दादा. हार्बरने कुर्ला, मग दादर, मग वेस्टर्न स्लो, असं येऊ का आम्ही?

घणसोली_लोकल :

तायांनो, २५ तारखेला रविवार आहे. हार्बरवर मेगाब्लॉक असणार बघा.

तलावपाळी :

मध्य रेल्वेवर पण असेल. शनिवारी वेळापत्रक आलं की इथेच टाकतो, दादरच्या ब्रिजवर भेटू. येताना शेवटच्या कर्जत लोकलपर्यंत पोचलं पाहिजे, ती बोगद्यातून जाते की कळव्यावरून ते बघावं लागेल.

रंगभवन_१९८८ :

तुम्हाला ठाण्यालाच उतरायचंय ना? बोगदा ठाण्याच्या पुढे आहे.

तलावपाळी :

माहीत आहे काका.